रविवारचा स्वयंपाक, गुरुवारचा डबा

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतून एका शेजारणीचा फोन आला, "ताईंची दोन्ही पोरं अन् म्हातारे बाबा ओकून राहिले, लवकर या." आम्ही ओआरएसची पाकिटं घेऊन पोहोचलो. ताप नव्हता, जुलाबही फारसे नव्हते, नुसत्या उलट्यांवर उलट्या. जेवून दोन तास झाले होते. काय जेवले? मसालेभात. कधीचा? रात्रीचा. फ्रीजमध्ये ठेवला होता? हो, ठेवला होता. गरम केला होता? हो, चांगली वाफ येईपर्यंत.

ताई घरी नव्हत्या. त्या सकाळी सहाला निघतात, तीन घरचा स्वयंपाक करतात आणि चारला परततात. दुसऱ्यांच्या ताटात गरम पोळी पडावी म्हणून स्वतःच्या पोरांचं जेवण रात्रीच करून ठेवावं लागतं. त्या रात्री नऊला भात झाला. "गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवलं तर फ्रीज खराब होतो" असं ऐकलेलं, म्हणून झाकण घालून ओट्यावर थंड करायला ठेवला. दिवसभराच्या थकव्यानं डोळा लागला. पहाटे साडेपाचला उठल्यावर भांडं फ्रीजमध्ये गेलं.

पोरं संध्याकाळपर्यंत सावरली. बाबांना मात्र दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. ताईंची दोन दिवसांची मजुरी गेली ती वेगळी. आणि त्याहून लागलं ते सासूबाईंचं बोलणं, "पोरांना शिळं घातलं." दुसऱ्या दिवसापासून ताई पहाटे चारला उठू लागल्या. आधी करून ठेवायचं नाव नको म्हणाल्या.

आम्हाला हे पटलं नाही. आधी करून ठेवण्यात ताईंची चूक नव्हती. चूक होती ती रात्री नऊ ते पहाटे साडेपाच या साडेआठ तासांत. हा फरक समजला तर आठवड्याचा अर्धा स्वयंपाक रविवारी उरकता येतो आणि कोणी आजारी पडत नाही.

शिळं म्हटलं की

हा विषय आम्ही विहारात महिलांच्या बैठकीत काढला तेव्हा सगळ्यात आधी विरोध केला तो एका आजीनं. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. "शिळं ते शिळंच राहते, पोरी. आमच्या मायनं दारोदारचे शिळे तुकडे गोळा करून खाल्ले. मी नाही खात, अन् नातवालाही देऊ देत नाही."

यावर घाईनं उत्तर देऊ नये. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितलं. ते ऐकून कितीतरी घरांनी उपाशी राहणं पत्करलं, पण तुकडा घेतला नाही. आजींच्या 'नाही'मागे तो इतिहास आहे. तेव्हा फ्रीजचा डबा पाहून एखाद्या म्हातारीचं तोंड वाकडं झालं तर तिला अडाणी समजू नका.

पण आम्ही आजींना एक विचारलं. "तुमच्या लहानपणी चान्या वाळवायचे ना?" त्या हसल्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात हाताला काम नसलं की चुलीवर शिजवायच्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या या सगळ्या खाण्याची नोंद केली आहे. चान्या कोणी टाकलेलं अन्न नव्हतं. आपल्या हातानं, आपल्या घरासाठी, पुढच्या दिवसांचा विचार करून ठेवलेलं होतं. वाळवताना अन्नातलं पाणी काढून टाकतात. गोठवताना त्याच पाण्याचा बर्फ करतात. दोन्हीकडे जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही. आजी म्हणाल्या, "मंग असं सांग ना."

विष कसं तयार होतं

तांदळावर मुळातच बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. तो कवचात झोपलेला असतो आणि भात शिजला तरी ते कवच फुटत नाही. भात कोमट झाला की हा जंतू जागा होतो आणि वाढतो. वाढता वाढता भातात विष सोडतो. दुसऱ्या दिवशी भात कितीही गरम केला तरी जंतू मरतात, विष तसंच राहतं. म्हणून ताईंच्या मुलीनं वाफ येईपर्यंत गरम करूनही उपयोग झाला नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, तापाशिवाय. वॉर्डात असताना अशी घरंच्या घरं आलेली आम्ही पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा घरचे दोष देत ते पाण्याला.

हातावर फोड किंवा पिकलेली जखम असताना अन्न कालवलं तर दुसऱ्या एका जंतूचं, स्टॅफिलोकॉकसचं, विषही असंच अन्नात तयार होतं आणि तेही उकळून जात नाही. बोट कापलं असेल तर पट्टी बांधा आणि तो हात अन्नाला लावू नका. कोणाला तरी मदतीला बोलवा.

जंतूंना आवडणारी हवा ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये. अनुकूल हवेत ते वीस मिनिटांत दुप्पट होतात. कागदावर हिशेब मांडला तर एका जंतूचे आठ तासांत दीड कोटीहून जास्त. प्रत्यक्षात वाढ मध्येच मंदावते, पण ताईंच्या भांड्यात रात्रभर काय झालं असेल याचा अंदाज येतो. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तो वेळ एक तासच धरायचा. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा ३२ च्या खाली येत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

परातीत पाणी, पाण्यात पातेलं

सगळी गोम थंड करण्यात आहे. मोठं पातेलं झाकून ठेवलं की वरून गार लागतं, पण मधलं अन्न तासन् तास कोमट राहतं. आम्ही असं करतो. मोठ्या परातीत थंड पाणी घ्यायचं, बर्फ असेल तर टाकायचा, त्यात पातेलं ठेवून झाकण काढायचं आणि डावानं अधूनमधून ढवळत राहायचं. पाणी कोमट झालं की बदलायचं. (ते पाणी फेकू नका, भांडी घासायला ठेवा.) मोठ्या पातेल्यातलं वरण दोन लहान भांड्यांत विभागलं तर काम आणखी लवकर होतं. उसळ परातीत पसरायची. अर्ध्या-पाऊण तासात हात लावता येईल इतकं गार झालं की डब्यात भरून लगेच फ्रीजमध्ये. पार थंडगार होण्याची वाट पाहायची गरज नाही. कोमट डब्यानं फ्रीज बिघडत नाही. उकळतं मोठं पातेलं मात्र ठेवू नका, त्यानं शेजारचं दूध आणि भाज्या तापतात.

काही घरी पातेलं कूलरसमोर ठेवतात. वारा लागतो हे खरं, पण कूलरच्या टाकीतलं पाणी आणि जाळीची धूळ उडून अन्नात पडते. तेवढं टाळा.

भात करून साठवण्याच्या भानगडीत आम्ही पडतच नाही. कुकरमध्ये भात वीस मिनिटांत होतो आणि धोका सगळ्यात जास्त भाताचाच. उरलाच तर तासाभरात पसरून गार करून फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा, एकदाच गरम करून. भाकरही ताजीच बरी, गोठवलेली भाकर चामड्यासारखी होते. साठवायचं ते वेळ खाणारं. तुरीचं घट्ट वरण, मटकी-चण्या-वाटाण्याची उसळ, राजमा, कोंबडीचा किंवा मटणाचा रस्सा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाटण. कांदा-खोबरं भाजून, आलं-लसूण घालून वाटलं, तेलात परतलं, गार केलं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरलं. गोठलं की वड्या काढून डब्यात. सकाळी दोन वड्या कढईत टाकल्या की भाजी दहा मिनिटांत. आमच्यातल्या निम्म्या जणी आता बाकी काही नाही, पण वाटण मात्र ठेवतात.

पोळ्याही ठेवता येतात. दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजायच्या, पूर्ण गार करायच्या, मध्ये स्वच्छ प्लास्टिकचा किंवा बटर पेपरचा तुकडा घालून पिशवीत घट्ट बांधायच्या. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. एफएसएसएआयनंही वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं बजावलं आहे. खायच्या वेळी सरळ गरम तव्यावर.

आलू गोठवला की भुसभुशीत, पाणीदार होतो, तेव्हा आलू-वांगं ताजंच करा. दही आणि कढी फाटते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो.

डबे स्टीलचेच वापरा, लहान, एका जेवणाला पुरतील एवढे. मोठा डबा काढून अर्धा खाऊन उरलेला परत गोठवायचा नसतो. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो, म्हणून वरण-रस्सा काठापर्यंत भरू नका, वर अंगठाभर जागा सोडा. काचेची बरणी तडकते. आइस्क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे गार अन्नाला चालतील, गरम ओतायला नाही. आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहा, काय आहे आणि कधी केलं. हे काम पोरांना द्या. गोठल्यावर वरण आणि पिठलं सारखंच दिसतं, आम्ही एकदा फसलो आहोत.

आपला फ्रीज, आपली वीज

मासिकांत आणि मोबाईलवर दाखवतात ते डीप फ्रीझर वेगळे. उणे १८ अंशांवर अन्न कित्येक महिने सुरक्षित राहतं, चव दोन-तीन महिने चांगली असते. आपल्याकडचा फ्रीज बहुतेक एका दाराचा, आत वरती बर्फाचा लहान कप्पा. दार उघडलं की तोही उघडा पडतो. तो उणे १८ ला पोहोचेल याचा भरवसा धरू नका. म्हणून आमचा साधा नियम असा, की रविवारचं पुढच्या रविवारच्या आत संपवायचं. वरच्या कप्प्यात नाही, खालच्या फळीवर ठेवलेलं शिजवलेलं अन्न दोन दिवसांत. पुस्तकात तीन-चार दिवस लिहिलेले असतात, पण पुस्तकातली वीज जात नाही.

कप्प्यात बर्फाचा जाड थर चढला की गारवा कमी पोहोचतो. बोटभर थर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा, उलथन्यानं किंवा सुरीनं खरवडू नका. गॅसची नळी फुटली तर फ्रीज गेलाच समजा. हे काम कप्पा रिकामा असेल त्या शनिवारी करावं.

वीज किती वेळ गेली होती हे कामावरून आल्यावर कळत नाही. त्यावर एक युक्ती. लहान वाटीत पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी कप्प्यातच राहू द्या. घरी आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ टिकला. नाणं बर्फात खाली गेलं असेल तर मधल्या वेळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. तेव्हा डब्यातलं अन्न पोरांना देऊ नका. टाकताना जीव तुटतो, आम्हाला ठाऊक आहे. चव घेऊन बघू नका, हे विष चवीला कळत नाही. वीज गेलेली असताना दार उघडायचं नाही, एवढं घरातल्या लहानथोरांना सांगून ठेवा.

गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. वितळलं की पुन्हा कामाला लागतात. म्हणून गुरुवारचा डबा बुधवारी रात्री कप्प्यातून काढून खालच्या फळीवर ठेवायचा, ओट्यावर नाही. विसरलात तर गोठलेलंच अन्न थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवा. गरम करायचं म्हणजे नुसती वाफ नव्हे. मधोमध बुडबुडे यायला हवेत, ढवळत ढवळत, दोन-तीन मिनिटं. ताईंची चौदा वर्षांची मुलगी आता घड्याळ लावून करते.

कामावर डबा नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सकाळी सहाला भरलेलं वरण दुपारी एकला खाल्लं तर तेही सात तास कोमटच राहिलं. उन्हाळ्यात डब्यात पोळी-भाकर, शेंगदाण्याची चटणी, कोरडं भाजलेलं काही न्या. पातळ आणि मांसाचं घरी खा. गरम राहणारा डबा असेल तर आधी उकळत्या पाण्यानं धुऊन त्यात उकळतं अन्न भरा.

पाहुणे येतात तेव्हा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या नागपूरकरांच्या घरी किती माणसं उतरतात हे वेगळं सांगायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत वीस जण. आदल्या रात्री मोठ्या गंजात उसळ किंवा मटण करून झाकून ठेवायचं आणि सकाळी वाढायचं, हे आम्हीही केलं आहे. मोठ्या गंजात हळूहळू थंड होणारा रस्सा म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचं घर. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, म्हणजे नेमकं पाहुणे परतीच्या गाडीत असताना. रात्री वाटण, भिजवलेलं कडधान्य, चिरलेला कांदा एवढीच तयारी ठेवा. शिजवा सकाळी. ट्रेमधल्या वाटणाच्या वड्या आठवडाभर आधीपासून साठवल्या तर पन्नास माणसांचाही रस्सा अवघड जात नाही.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी शिजवलेलं साठवू नये, पण तयारी साठवता येते. भाजलेलं बेसन, शेंगदाण्याचा कूट, कोरडी चटणी, भाजणी, सांडगे. आणि नागपूरचं ऊन फुकट आहे, गवार, मेथी, कांदा कापून वाळवा. आमच्या गल्लीत दोन घरं एक फ्रीज वापरतात, डब्यांवर नावं लिहून. वीजबिल वाटून घेतात. भांडण अजून झालेलं नाही.

आता भावांना. रविवारच्या या स्वयंपाकाला साधारण तीन तास लागतात. हे तीनही तास बाईच ओट्याशी उभी राहणार असेल तर तिची एकमेव सुटी गेली. परातीतलं पाणी बदलायला, ढवळायला, डबे भरायला नर्सिंगचा डिप्लोमा लागत नाही. कोंबडी धुणाऱ्यानं साबणानं हात धुवावेत आणि ती सुरी-पाटी कोथिंबिरीला वापरू नये, इतकं कळलं की पुरे.

तरीही उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस लगेच सुरू करा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. घोट घोट पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत पाजा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. शौचातून रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, पाणीही पोटात ठरत नाही, यातलं एक जरी दिसलं तर घरी थांबू नका. गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत तर आणखी लवकर निघा.

ताई आता पाच वाजता उठतात, चारला नाही. परवा गुरुवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा विरोध करणाऱ्या त्या आजी तिथंच बसलेल्या. डब्यावरची पट्टी त्यांनी नातवाकडून वाचून घेतली, "चन्याची उसळ, रविवार." मग म्हणाल्या, "नीट उकळव, बुडबुडे येऊ दे."

पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारामागच्या खोलीत आम्ही वाटण आणि उसळ करून, थंड करून, डब्यांत भरून दाखवणार आहोत. येताना झाकणाचा एक स्टीलचा डबा, चिकटपट्टी आणि जमलं तर घरातला एक पुरुष सोबत आणा.